हटवरचा परिच्छेद

लंडनजवळच्या हॅरोतल्या आमच्या सेकंडरी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. मी शाळेच्या कारभारी मंडळावर पालकांमधून निवडून आलेली सदस्य, इथल्या भाषेत गव्हर्नर. मीटिंगला बिस्किटं खायची आणि मान डोलवायची, एवढंच माझं काम. दोन हजार सालानंतर इथल्या शाळांना एकेका विषयात 'स्पेशलिस्ट' व्हायचं खूळ लागलं होतं. आमची शाळा भाषांची, म्हणून 'लँग्वेज कॉलेज' झाली. फाटकावर डझनभर भाषांत स्वागत रंगवलं, त्यात मराठी नव्हतीच. या नव्या नावाच्या समारंभासाठी पुस्तिका हवी होती.

जुनी दप्तरं चाळली. आधी ही मुलांची ग्रामर स्कूल होती. परीक्षेत पास झालात तर आत, नाहीतर चालते व्हा. मग ती कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली, मुली आल्या, दार सगळ्यांना उघडं झालं. पण निवडून बाजूला काढायची खोड काही जाईना. ते काम आता दाराच्या आत होऊ लागलं. मैदानाच्या कडेला 'तात्पुरती' म्हणून उभारलेली लाकडी हट, म्हणजे खोपटी होती. ज्यांना इंग्रजी येत नाही असं शाळेने ठरवलं, ती मुलं तिथे बसायची.

माझी मुलगीही बसली. अकराव्या वर्षी तिचा प्रवेशाचा फॉर्म भरताना प्रश्न आला: घरी कोणती भाषा बोलता? मी मोठ्या अभिमानाने लिहिलं, मराठी. मुलगी इथेच जन्मलेली, इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडणारी. पण तिच्याशी दोन वाक्यं बोलून बघायची तसदी कुणी घेतली नाही. वर्ग फ्रेंचला गेला की ही हटमध्ये.

"आई, तिथे नुसता पिक्चरला नाव लिहायची असते," ती सांगायची. सफरचंद, बस, छत्री. मी तीनदा शाळेत जाऊन भांडले. तिन्ही वेळा गोड हसून सांगितलं, की ही जादा मदत आहे. वर्षभर ती मदत चालली. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

जवळच एजवेअरला राहणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढी शिकलेली तू! फॉर्मवर इंग्लिश टाकायचं असतं. आम्ही सगळ्यांनी तेच टाकलंय." मी तिच्यावरही उखडले.

पुस्तिकेत हटवर मी एकच परिच्छेद लिहिला, पण झणझणीत. हेडने, म्हणजे मुख्याध्यापकाने, बोलावून घेतलं. समारंभाला हा सूर शोभत नाही, म्हणाला. जागाही कमी आहे. शिवाय याला पुरावा काय?

"माझ्या मुलीची फाइल काढा," मी टेबलावर हात आपटला. "फॉर्म त्यातच आहे."

सेक्रेटरीने फाइल आणली. भावंडांचे कागद एकत्रच ठेवलेले होते. हेडने मुलीचा फॉर्म वाचला: मराठी. मग खालचा काढला. तो माझ्या धाकट्या मुलाचा, दोन वर्षांनंतरचा. घरची भाषा: इंग्रजी. दोन्हींवर अक्षर माझंच.

"यातलं खरं कोणतं?" त्याने विचारलं. आवाजही चढवला नाही मेल्याने.

मला सांगता आलं असतं, की तुमच्या हटच्या धास्तीने मी खोटं लिहिलं. तेच तर त्या परिच्छेदात हवं होतं. पण मैत्रिणीवर उखडलेली मी, शेवटी तिचंच ऐकलं होतं आणि घरीही कुणाला कळू दिलं नव्हतं.

"काढून टाका परिच्छेद," मी म्हणाले.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मुलगी माझ्या शेजारी बसली होती. पुस्तिका तिने दोनदा चाळली.

"आई, हटचा कुठे आहे?" तिने विचारलं. "तू लिहिलंस ना?"

"नो स्पेस," मी म्हणाले. मराठीत तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना.