चतुराबाईला आता जमतंय

चतुराबाईला आयुष्यात कुणी ‘सावकाश’ म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते पौर्णिमानं, आणि तेव्हा चतुराबाई सत्तेचाळीस वर्षांची होती. राग यायचाच होता. आला.

युसूफ वडगावच्या बौद्धवाड्यात, विहाराच्या मागच्या आळीत तिचं घर. सोळाव्या वर्षी आश्रुबाशी लग्न झालं आणि त्याच वर्षी ती त्याच्याबरोबर ऊसतोडीला गेली. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, पाठी दोन, हात चार, पण मोजायचा कोयता एकच. बायको नसेल तर गडी ‘अर्धा कोयता’. बाई एकटी असेल तर तिला काय म्हणायचं, याचा विचार कुणी केलेलाच नाही. अठ्ठावीस हंगाम ती त्या कोयत्यातली अर्धी होती. आटप, उरक, हाल लवकर, गाडी भरायचीय, एवढंच तिनं अठ्ठावीस हंगाम ऐकलं. मुलगा प्रवीण उसाच्या फडावरच्या खोपीत जन्मला तेव्हाही मुकादम बाहेरून विचारत होता, किती वेळ लागंल म्हणून.

तिशीत ओटीपोटात दुखायला लागलं म्हणून ती एका डॉक्टरकडे गेली. त्यानं धड तपासलंही नाही, पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली आणि गर्भाची पिशवी काढून टाकली. तो मोकळा झाला, मुकादम खूश झाला, कारण आता दर महिन्याचा खाडा नाही. टाके धड वाळायच्या आत ती फडावर होती. त्या वयात पिशवी काढली की बाईची हाडं ठिसूळ व्हायला लागतात, कंबर धरते, घाम सुटतो, झोप उडते, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्याच्या बापाचं काय जात होतं? पण नाही सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी डोक्यावर मोळी घेऊन चालताना ती उसाच्या खोडक्यांत पालथी पडली. मनगट मोडलं. मनगट दीड महिन्यात जुळलं, पण पायावरचा भरवसा गेला तो गेलाच. उभी राहिली की गरगरायचं, उंबरा ओलांडताना चौकट धरावी लागायची, आणि आळीतली हातभर रुंद गटार आली की ती चक्क खाली बसायची. बसून, पाय पलीकडे टाकून, मग उठायची. पोरं हसायची. झोप नाही, छातीत धडधड, आणि सगळा राग सून वनितावर. भाकरी करपली तरी वनिता, कोंबडी ओसरीवर चढली तरी वनिता. आश्रुबा तीन हंगाम अर्धा कोयता म्हणून गेला आणि परत आल्यावर असा गप्प बसायचा, जणू बायको मुद्दाम पडली होती.

पौर्णिमा ही माणिकराव गुरुजींची धाकटी मुलगी. शिकून फिजिओथेरपिस्ट झालेली, केजला नोकरीला, पण राहायला गावातच. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तिनं चतुराबाईला विहाराची भिंत चाचपत चालताना पाहिलं. कॉलेजात असताना ती एका मॅडमकडून ताई ची शिकली होती. हा चीनमधला जुना व्यायाम. उड्या नाहीत, धावणं नाही, एकेक हालचाल संथ करायची, श्वास लांब ठेवायचा. तिनं गुरुवारी आणि रविवारी सकाळी सहाला विहाराच्या अंगणात वर्ग सुरू केला. सात बाया जमल्या. सगळ्यांचे गुडघे नाहीतर कंबर गेलेली. गाव त्याला चिनी कसरत म्हणायला लागलं.

पहिल्या दिवशी पौर्णिमानं प्रत्येकीला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, उठायचं, समोरच्या खुणेपर्यंत दहा पावलं चालायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावली. चतुराबाईला बावीस सेकंद लागले. मग पौर्णिमानं चालून दाखवलं. गुडघे थोडे वाकवायचे, टाच आधी टेकवायची, मग पाऊल, मग सगळा भार त्या पायावर घ्यायचा, आणि तो पाय म्हणाला ‘घेतला’ की मगच दुसरा उचलायचा. हात पाण्यात फिरवल्यासारखे.

चतुराबाईनं भिंतीला एक हात लावून ते सगळं भराभरा उरकलं आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली. बाकीच्या अजून तिसऱ्या पावलावर होत्या. पौर्णिमा म्हणाली, पुन्हा. तिनं पुन्हा उरकलं, आधीपेक्षा लवकर. काम लवकर संपवलं की चांगलं, एवढंच तिच्या अंगाला ठाऊक होतं. तिसऱ्या वेळी तोल गेला, पौर्णिमानं दंड धरला आणि म्हणाली, “मावशी, सावकाश. कुठं जायचंय तुम्हाला?”

चतुराबाईनं दंड सोडवून घेतला. “अठ्ठावीस वर्सं समदे मला उरक म्हनले,” ती म्हणाली. “बाळंत व्हायले तवा बी उरक म्हनले. आन् आता पाय गेल्यावर तू म्हन्तीस सावकाश. ही सावकाशी तवा कुठं ठिवली व्हती गं?”

पौर्णिमानं उलटून उत्तर दिलं नाही. समजूत घातली नाही, की हसण्यावारी नेलं नाही. चतुराबाई घरी गेली, दोन दिवस धुमसली, आणि रविवारी पुन्हा आली. पुन्हा कशाला आलीस म्हणून शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, ती पोरगी मला उलटून बोलली न्हाई म्हणून आले.

संथ चालणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्यानं एकदा चालून बघावं. घाईत पाय कसाही पडतो आणि पुढचा पाय मागच्याची चूक झाकतो. सावकाश चालायचं तर प्रत्येक पायाला आपला हिशोब द्यावा लागतो. पहिल्या महिन्यात चतुराबाईच्या मांड्या थरथरायच्या, पोटऱ्या रात्रभर ठणकायच्या. पौर्णिमा सांगायची, तळव्याला जमीन कळायला पाहिजे, तळवा मेंदूला सांगतो, मेंदू पायाला, आणि तुमचं हे बोलणंच तीन वर्षं बंद पडलंय. दुसऱ्या महिन्यात भिंत सुटली. चौथ्या महिन्यात एका सकाळी ती नळापाशी उजव्या पायावर उभी राहून डावा पाय धूत होती, आणि आपण काहीच धरलेलं नाही हे पाय धुऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं. गटार तिनं कधी चालत ओलांडली हे तर तिला सांगताच येत नव्हतं. पोरांना मात्र आठवत होतं, कारण त्यांची गंमत गेली होती. दहा महिन्यांनी खुर्चीची वेळ पुन्हा लावली, बारा सेकंद भरली. गरगरणं क्वचित, धडधड नाही, आणि झोप अशी की वनिताला तिला हाक मारून उठवावं लागायचं.

मन मात्र शांत झालं नाही. कसरतीनं मन शांत होतं असं सगळेच म्हणतात, तिलाही तसंच वाटलं होतं. झालं उलटं. इतकी वर्षं तिचा राग घरभर सांडलेला असायचा, वनितावर, कोंबडीवर, करपलेल्या भाकरीवर. आता तो एका जागी गोळा झाला आणि त्याला नावं फुटली. अंगणात हात संथ वर नेताना तिला तो डॉक्टर आठवायचा. हात खाली आणताना खोपीबाहेरचा मुकादम आठवायचा. वनिताला आता कुणी टाकून बोलत नव्हतं, त्यामुळे चिनी कसरतीचा सगळ्यात मोठा गुण वनितानंच गावभर सांगितला. चतुराबाईनं मात्र घाबरून पौर्णिमाला विचारलं, माझं काही चुकायलंय का. पौर्णिमानं जरा विचार केला आणि म्हणाली की भ्यालेल्या अंगाला नीट रागवायलाही जमत नाही. तुमची भीती गेली मावशी, राग तुमचाच आहे.

गहिनीनाथ मुकादमानं तिला पाहिलं ते पितृपक्षात. सकाळी मोटारसायकलवरून जाताना विहाराच्या अंगणात सात बाया एका पायावर उभ्या दिसल्या, आणि त्यांत चतुराबाई. तो थांबला, नीट बघून घेतलं, आणि तिथून सरळ चहाच्या हॉटेलात आश्रुबाकडे गेला. बाई ठणठणीत झाली की, म्हणाला, औंदा पुरा कोयता धरतो. आश्रुबानं हो म्हटलं. एक चहा संपायच्या आत.

वर्षभर घाम गाळला चतुराबाईनं. सुट्टीची झोप मोडली पौर्णिमानं. आणि हे दोघे आयत्या बिळावर नागोबा! बाई पडली तेव्हा हा गहिनीनाथ तिला बघायलाही आला नव्हता. टोळीत एक कमी झाली म्हणून त्याला वाईट वाटलं असेल, तर तेवढंच. आणि आश्रुबाला गरीब बिचारा म्हणावं तर तेही होत नाही. त्याचीही पाठ गेलेली होती, त्यालाही कुणी कधी काही विचारलं नव्हतं, हे खरं. पण आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून आपणही कुणाला विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

चतुराबाईला हे कळलं ते वनिताकडून, आणि वनिताला नळावर कळलं. म्हणजे अख्ख्या गावाला कळल्यावर जिचे पाय होते तिला कळलं. संध्याकाळी आश्रुबा जेवायला बसला तेव्हा तिनं ताट पुढे ठेवलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, “मला इचारलं का?”

“तुला काय इचारायचं?” आश्रुबा म्हणाला. “बरी झालीस न्हवं.”

तो वाईट बोललाच नव्हता, हीच तर आग होती. त्याला खरंच वाटत होतं की बरी झाली म्हणजे परत कामाला आली. बैलाचा खूर बरा झाला की बैलाला विचारतात का? चतुराबाई चुलीकडे वळली. वनिताला वाटलं, आता घरात भांडी फुटणार. काही फुटलं नाही. सासू नेहमीच्या वेळेला झोपली आणि तिला झोपही लागली.

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की टोळी निघणार होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी गहिनीनाथ ट्रॅक्टर घेऊन आळीत आला, नावं पक्की करायला. ट्रॉलीत मक्याची वैरण भरायची होती, ट्रॉलीला फळी लावलेली होती, खाली मोळ्या पडल्या होत्या. विहारातला वर्ग नुकताच सुटला होता. बाया फाटकात, आश्रुबा ट्रॅक्टरपाशी, चार-दोन गडी दात घासत उभे.

चतुराबाई पुढे गेली आणि तिनं सांगितलं की माझं नाव लिहू नका. तिचा आवाज चढलेला नव्हता. गहिनीनाथ हसला. आश्रुबाकडे बघून म्हणाला, “वयनीला अजून चक्कर येती का काय?” मग तिच्याकडे वळला. “एका पायावर उभी ऱ्हातीस, आमी डोळ्यानं बघितलं. मग फळी चढायला काय झालं? का नाटकं करायलीस?”

गडी हसले. पौर्णिमा पुढे यायला लागली, तिला चतुराबाईनं हातानंच थांबवलं. तिनं पदर खोचला, चुंबळ केली, आणि वैरणीची मोळी दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घेतली. वीस-पंचवीस किलोची तरी असेल. मग ती फळीवर चढली. एक पाय पूर्ण टेकला, भार घेतला, मग दुसरा. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, बाई, हाला की. तिची चाल बदलली नाही. तिचा श्वास लांब चालला होता, मांडी थरथरत नव्हती, आणि फळी पायाखाली लवत होती तरी पाय हटत नव्हता. हसणारे गडी दात घासायचं थांबवून बघायला लागले, कारण इतक्या सावकाश मोळी नेणं त्यांच्यातल्या एकालाही जमलं नसतं, आणि ते त्यांना कळत होतं. वर पोचून तिनं मोळी ट्रॉलीत ठेवली. टाकली नाही, ठेवली.

“बघ आश्रुबा,” गहिनीनाथ खूश होऊन म्हणाला, “जमतंय की बाईला.”

“जमतंय,” चतुराबाई वरूनच म्हणाली. “तीन वर्सं जमत नव्हतं म्हनून मी घरी व्हते, मुकादम. तवा मी न्हाई म्हनले नव्हते, माझे पाय म्हनले व्हते. आता जमतंय. आता मी म्हनते.”

गहिनीनाथानं तिच्याकडे बघितलंच नाही. बायकांशी काय बोलायचं, अशा तोऱ्यात तो आश्रुबाकडे वळला आणि म्हणाला, तुझा शब्द हाय, तू सांग, पुरा लिहू का अर्धा. सगळी आळी आश्रुबाकडे बघायला लागली. आश्रुबानं टोपी काढली, पुन्हा घातली. त्याला हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणायची सवय नव्हती. शेवटी त्यानं मान वर केली आणि ट्रॉलीत उभ्या असलेल्या बायकोकडे बघत विचारलं, “येतीस का?”

एकतीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला हे पहिल्यांदा विचारलं होतं. चतुराबाईनं उत्तर द्यायला घाई केली नाही. मुकादमाला थांबावं लागलं, ड्रायव्हरला थांबावं लागलं, नवऱ्याला थांबावं लागलं.

“न्हाई,” ती म्हणाली.

आश्रुबा त्या आठवड्यात एकटाच गेला. चतुराबाई आता गुरुवार-रविवार पौर्णिमाच्या शेजारी उभी राहून नव्या बायांना पाऊल टाकायला शिकवते. कुणी भराभरा उरकलं तर ओरडत नाही, थांबून राहते. राग मात्र तिचा अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं तिचं काही म्हणणं नाही.