लाइन गेल्यावरची गच्ची

दर्यापूरच्या गोदाबाईंनी उभा जन्म लोडशेडिंगमध्ये काढलेला. आता त्या ज्यात होत्या ते अंतराळयान सूर्यापासून फार लांब बंद पडलं, पाणी पेल्यानं मोजून मिळू लागलं, वीज वाचवायला सिनेमाही बंद झाला. सगळे तोंडं पाडून बसले. यानाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या गोदाबाई मात्र चिडल्या.

"लाइन गेली त घरात कोन बसते?"

त्यांनी सगळ्यांना सतरंज्यांसकट मोठ्या खिडकीपाशी पिटाळलं आणि उरलासुरला दिवाही मालवला.

काचेपलीकडे आभाळ ताऱ्यांनी ओथंबलं होतं. कप्तान रविकांत पुटपुटले, "तो बारीक ठिपका दिसतो ना, तो आपला सूर्य."

गोदाबाई एकटक पाहत राहिल्या.

"दर्यापुरात बी आता लाइन गेली असन," त्या हळूच म्हणाल्या. "कोनीतरी गच्चीवर पडून आपल्याकडंच पाहून राहिलं असन."