एकसारख्या साड्या

सुरतेच्या पुस्तक महोत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा मी पहिला फोन तिथल्याच उधन्याला लावला, माझ्या थोरल्या बहिणीला. लग्न होऊन ती तिथे गेली आणि तिथलीच झाली. घरी साड्यांचे गठ्ठे येतात, त्यांवरचे लोंबते धागे कापून द्यायचे. तिची सगळी गल्लीच हे काम करते. आई गेल्यावर मी आईवर एक लेख लिहिला होता. तो तिने वाचला नव्हता. एकटीने वाचवत नाही, म्हणायची. "तू वाचशी तवय आयकसू," असं तिने मला बजावून ठेवलं होतं.

रविवारी माझं सत्र होतं. गल्लीतल्या बायकांना घेऊन ती परस्पर येणार होती.

सभागृहाच्या दारात मोठमोठे फलक लावले होते. त्यांवर जुनी गलबतं, किल्ला, तापीकाठच्या वखारी, इंग्रज, डच, सगळे हजर. आज या शहरातले माग जे चालवतात, त्यांना मात्र फलकाच्या कोपऱ्यातही जागा नव्हती. मराठीचं एकच सत्र, तेही मागच्या छोट्या दालनात. ठीक आहे, म्हटलं.

दालन जवळजवळ रिकामं होतं. मी दाराकडे बघत बोलत राहिले. आईचा लेख मुद्दाम शेवटी ठेवला, बहीण आली की वाचू म्हणून. ती आलीच नाही आणि वेळ संपल्याची चिठ्ठी आली. लेख तसाच पिशवीत परत गेला.

बाहेर पडताना संयोजक हसून म्हणाले, "यहाँ के मराठी लोगों को किताबों की फुरसत कहाँ, मॅडम." मला सणसणीत उत्तर द्यायचं होतं. पण मी बहिणीवरच इतकी चिडले होते, की तशीच तरातरा पुढे निघाले.

जेवणाचा मांडव मागे होता. ताट घेऊन रांगेत पुढे सरकले आणि समोर माझी बहीण! हातात डाव, कढी वाढतेय. तिच्या शेजारी तिच्या गल्लीतल्या बायका, कुणी पुऱ्या वाढतंय, कुणी भात. सगळ्यांच्या अंगावर एकच मोरपंखी साडी.

त्या साड्यांचं मला ठाऊक होतं. छपाईत चुकलेला एक लॉट व्यापाऱ्याने गल्लीला स्वस्तात दिला होता. आज मिरवायचं म्हणून सगळ्यांनी ठरवून तीच नेसली होती. पुढचं बहिणीने सांगितलं: दारावरच्या स्वयंसेवकाने एकसारख्या साड्या पाहिल्या आणि केटररच्या वाढपी बायका समजून "बेनो, पाछळथी आवो, जल्दी" म्हणत त्यांना मागच्या दाराने थेट रसोड्यात नेलं.

"आणि तू गेलीस?" मी ओरडले.

"तुन्हा कार्यक्रम, म्हंजे घरनंच कार्य," ती म्हणाली. "माले वाटनं, आपलेच वाढनं पडी. वाढीसन मंग तुले आयकसूत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यासाठी हे घरचं कार्य होतं आणि त्या लोकांनी तिला साधं कोण म्हणूनही विचारलं नव्हतं. मी संयोजकांना हाताला धरून तिथे आणलं. ते खजील झाले. पुन्हा पुन्हा माफी मागू लागले, पण माझी. बहिणीकडे त्यांची नजरही गेली नाही. "पहले बता देतीं, आपकी रिश्तेदार हैं."

"नहीं होतीं तो?" मी विचारलं. ते हळूच म्हणाले, दालनात आता दुसरं सत्र सुरू आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू.

"पुढलं साल कोनी दखं?" बहीण म्हणाली. तिने पदराला हात पुसले, एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि कढीच्या पातेल्याशेजारीच बसली. "मायनं वाच आते."

मी पिशवीतून आईचा लेख काढला आणि तिथेच, उभ्याने, वाचायला लागले. आवाज रागाने कापत होता, मी कापू दिला. एकेक करून बायकांचे हात थांबले. सगळ्या तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. रांग अडली. ताटं हातात धरून सगळे आमच्याकडे बघत होते. शेवटी एका गृहस्थाने ताट पुढे केलं आणि कढी मागितली.

बहिणीने माझ्यावरची नजर न हलवता, त्याचं त्याने वाढून घ्यावं म्हणून डाव त्याच्याकडे सरकवला.

"जाते लई लो, भाई," ती म्हणाली.