नावाआधीचा 'मॉम'

गवती चहाच्या साबणाचा वास आला की तसा साबण भेट म्हणून घेऊन आमच्या पुण्यातल्या खराडीच्या ऑफिसात आलेल्या थायलंडच्या बाई आठवतात. त्यांच्या नावाआधी 'मॉम लुआंग' होतं. टायपिंगची चूक समजून मी स्वागताच्या पाटीवर 'मॅडम' छापलं. "अहो, राजघराण्याचा किताब आहे तो! आता दुसरी नोकरी बघा," साहेब म्हणाले. मी घाबरून बाईंची माफी मागितली. त्या हसल्या. "आमचा किताब पिढीगणिक पायरी उतरतो. माझ्या मुलांना तो नाहीच. तुमचं घराणं कुठलं?" मी सरळ सांगितलं, "आजोबा अंगठा लावायचे, वडील सातवी शिकले, मी इंजिनियर. आमचं घराणं पायरी चढतं." साहेब पाण्याचा ग्लास शोधू लागले. आता लेक पीएचडी करतेय. घराणं विचारणाऱ्याला मी तेच उत्तर देतो, एक पायरी वाढवून.