गृहीतकाची चौकट

नोव्हेंबर १९४२, वॉर्सा. वर्गात चार माणसे होती. युद्ध संपले तेव्हा त्यांतली दोन जिवंत होती.

लेओकाडिया पिवोवार ही त्या दोघांतली एक. पुढे ती नदीपलीकडच्या शाळेत गणित शिकवू लागली. तिच्याविषयी आमच्या भागात म्हणत, की बाई कोणावर चटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि चटकन संशयही घेत नाहीत. पहिली गोष्ट त्या काळाने सर्वांनाच शिकवली. दुसरी तिला तर्कशास्त्राने शिकवली, आणि फार कष्टाने.

जर्मनांनी विद्यापीठ बंद केले होते. दिवसा लेओकाडिया बटणांच्या कारखान्यात बसे आणि आठवड्यातून एकदा प्राध्यापक शुमलान्स्की यांच्याकडे सिद्धता मांडायला शिके. पूर्वी वर्ग कोर्नेलिया नावाच्या बाईंच्या घरी भरत असे. एकदा वर्गाच्या दिवशी, सगळे जमायच्या आधीच, त्या घरावर धाड पडली, बाईंना नेले, आणि वर्ग प्राध्यापकांच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात आला. जिन्यात पाऊल वाजले की सगळे लिहिणे थांबवत. धडा संपला की कागद शेगडीत जात, आणि माणसे एकेक करून, मध्ये अंतर ठेवून बाहेर पडत.

त्या दिवशी लेओकाडियाला साधे उदाहरण दिले होते. थंडी गोठवणारी पडली तर रूळ निसरडे होतात. रूळ निसरडे झाले तर ट्रामला उशीर होतो. यातून काय सिद्ध होते? आमच्याकडची रीत अशी, की गृहीतक मांडले की त्याभोवती चौकट आखायची. त्याच्या आधाराने जे निघेल ते सारे चौकटीत राहील. लेओकाडियाने चौकट आखली, आत लिहिले ‘थंडी पडली’, मग निसरडे रूळ, मग उशीर. चौकट बंद करून तिने खाली लिहिले: ‘ट्रामला उशीर होतो.’

“बाई,” प्राध्यापक म्हणाले, “गृहीतक घरात कोंडलंत आणि निष्कर्षाला एकट्याला रस्त्यावर सोडलंत. त्याची कागदपत्रं कोण दाखवणार?”

“पण आत तर सिद्ध झालं होतं, साहेब.”

“आत. बाहेर फक्त एवढंच येतं: थंडी पडली तर उशीर होतो. थंडी पडली की नाही, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.”

समोर बसलेला बोगुमिल राचेक हसला. वर्गातला तो सर्वांत नवा. कमी बोले, आणि त्याचे बूट फार चांगले होते. त्या दिवशी पहिल्यांदा निघायची पाळी त्याची होती. त्याच्यामागे दार लागले आणि सेवेरिन त्सेब्रो, जो बुद्धीने सर्वांत तल्लख होता, खालच्या आवाजात बोलू लागला.

“समजा, हाच खबऱ्या आहे. मग धाडीच्या दिवशी तो येणार नाही. आला नव्हता. त्याला पैसे मिळतील. बूट बघितलेत? घरचं तो कधी सांगणार नाही. सांगतो का? सगळं जुळतंय. मी वर कळवतो.”

वर कळवणे म्हणजे काय, हे तिघांनाही माहीत होते. भूमिगत संघटना खबऱ्यांना गोळी घालत असे.

लेओकाडियाने शेगडीत टाकायचा कागद हातातच धरला. “सेवेरिन, तू चौकट उघडलीस. बंद कुठं केलीस?”

“काय?”

“‘समजा’ म्हणालास ना? मग पुढचं सगळं त्याच्या आत आहे. बाहेर एवढंच येतं, की तो खबऱ्या असेल तर त्या दिवशी गैरहजर राहील. मीही त्या दिवशी उशिरा आले होते. मला धर.”

“लेओकाडिया, हा काही ट्रामचा हिशेब नाही. माणसं मरतायत.”

“म्हणून तर. तुझा निष्कर्ष कागदपत्रांशिवाय रस्त्यावर निघालाय.”

सेवेरिन प्राध्यापकांकडे वळला. “तुम्ही सांगा साहेब. तो निर्दोष आहे, हे तिनं सिद्ध करावं.”

“तेही होत नाही,” प्राध्यापक सावकाश म्हणाले. “तो खबऱ्या आहे असं मानून विसंगती निघाली असती, तर तो सुटला असता. विसंगती निघत नाही. दोन्हीकडून काहीच सिद्ध नाही. कागदावर आपण इथं थांबतो. पण पुढच्या आठवड्यात वर्ग कुठं, हे त्याला सांगायचं की नाही, ते आजच ठरवायला हवं.”

लेओकाडियालाही बोगुमिलची खात्री नव्हती. शेवटी ठरले ते असे: वर कोणी काही कळवायचे नाही, आणि बोगुमिलला नवा पत्ता द्यायचा नाही. सेवेरिनने कुरकुरत मान्य केले. एका माणसाचा जीव वाचला आणि त्याचा वर्ग गेला, हे दोन्ही एकाच निर्णयाने झाले.

पुढच्या आठवड्यात बोगुमिल नेहमीच्या ट्रामथांब्यावर उभा होता. निरोप देणारे कोणी आले नाही. लेओकाडिया समोरच्या फुटपाथवरून गेली आणि तिने मान वळवली नाही.

वसंतात कोर्नेलियाबाईंच्या इमारतीच्या रखवालदाराने खरी हकीकत सांगितली. धाड तळमजल्यावर चोरून विकल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसासाठी होती. पोलीस जिना चढत गेले आणि बाईंच्या कपाटात पुस्तके सापडली. खबर कोणीच दिली नव्हती. लेओकाडिया बोगुमिलच्या घरी गेली, तेव्हा तो जागा बदलून गेलेला होता. १९४४च्या ऑगस्टमध्ये उठाव झाला, त्यात तो मारला गेला. बूट मेलेल्या भावाचे होते, हे युद्धानंतर भेटलेल्या त्याच्या आईने सांगितले.

आईला लेओकाडियाने सारे सांगितले. सेवेरिन त्या घरी कधी गेला नाही. आपल्यावरचा संशय खोटा ठरला, हे बोगुमिलला जिवंतपणी कोणी सांगितले नाही. ते देणे अजून बाकी आहे.