नावेतला हौद

लेव्हलचाचा कोणाच्याही घरी गेले की आधी खिशातली वीतभर पितळी लेव्हल काढून उंबऱ्यावर ठेवत. काचेतला बुडबुडा मधोमध स्थिरावला की मग आदाब. आमच्या गारखेड्याच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. “साब, घर चांगलं हाय, फक्त जरासं जालन्याकडं झुकलंय,” असं म्हणून त्यांनी शांतपणे चहा घेतला. पुढं सहा महिने मला त्या खोलीत धड झोप लागली नाही.

निजामाच्या काळात त्यांचे वडील टांगे बांधायचे. पोलीस ॲक्शननंतर टांगे कमी होत गेले, ट्रक आले आणि चाचा ट्रकच्या बॉड्या बांधू लागले. त्यांच्या बॉडीतून ज्वारी नेली तर पिशोर ते औरंगाबाद रस्त्यावर एक दाणा सांडत नाही, अशी ख्याती होती. दोन फळ्या जोडल्या की ते त्यांच्या मधून विडीचा कागद घालून बघत. कागद शिरला तर फळ्या पुन्हा उघडायच्या. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ह्यात सूट नव्हती.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. पाणी म्हटलं की आडातलं किंवा टँकरचं, एवढीच माझी जन्मभराची ओळख. पण जायकवाडीचं धरण भरलं, पैठणला नाथसागर पसरला आणि माझं डोकं फिरलं. छावणीतल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली तेव्हा त्यांची चौदा फुटी शिडाची नाव मी घेतली. दर रविवारी पैठणची एसटी पकडायची आणि शीड उभारायचं. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, लग्नातसुद्धा नाही, हे मी बायकोसमोरही कबूल केलं होतं. तिथंच चुकलं.

कारण एका रविवारी मी तिला आणि सासूबाईंना नावेतून घेऊन गेलो, आणि अकरा वाजता वारा पडला. काठापासून दोन मैल आत, डोक्यावर ऊन, शीड ओल्या धोतरासारखं लोंबतंय. वल्ही मी काठावरच विसरलेलो. सासूबाईंनी आधी रामरक्षा म्हटली, मग भीमरूपी, मग त्या माझ्याविषयी बोलू लागल्या. पाच वाजता एका कोळ्यानं आम्हाला ओढून आणलं. घरी आल्यावर बायको शांतपणे म्हणाली, “अहो, मोटर बसवा नाहीतर नाव विका. दिवाळीपर्यंत.” तिचा शांत आवाज म्हणजे शेवटचा शब्द, हे मला ठाऊक होतं.

जुनी लहानशी मोटर मुंबईहून मिळाली. ती मागच्या फळीला टांगली तर सुकाणूला अडू लागली, नावेचं शेपूट खाली गेलं आणि नाक आभाळाकडं. तेव्हा मी चाचांना पैठणला नेलं. त्यांनी नावेला तीन फेऱ्या मारल्या आणि मागच्या बाकाजवळ बोट टेकवलं. “हितं पेंद्यात भोक पाडायचं. भोकाभोवती लाकडाचा हौद. मोटर हौदात उभी, पंखा खाली पाण्यात. सुकाणू आपल्या जागी, मोटर आपल्या जागी.”

नावेच्या तळाला भोक! मी ओरडलोच, “बुडेल की हो चाचा.”

“कायकू बुडंल? पाणी आपली पायरी सोडत नाय, साब.” औरंगाबादला परतल्यावर त्यांनी मला आपल्या कारखान्यात नेलं, एका घमेल्याला भोक पाडलं, त्यावर बूड काढलेला डालड्याचा डबा डाख देऊन बसवला आणि घमेलं टाकीतल्या पाण्यावर सोडलं. डब्यात पाणी चढलं, बाहेरच्या पाण्याइतकं झालं आणि थांबलं. घमेलं कोरडं. पाण्याच्या पातळ्या काढण्यातच माझी नोकरी चालली होती, पण हे पाहून मी तोंडात बोट घातलं.

आता आपलीही विद्वत्ता दाखवावी म्हणून मी पाण्याची रेघ आखून हौदाचा नकाशा काढून दिला. चाचांनी तो घडी करून पायाखाली ठेवला, कारण जमीन ओली होती. “हे पाणी कवाचं मोजलं?” मी म्हटलं, नाव काठाला बांधली होती तेव्हाचं. “म्हंजे रिकामी. रिकामी गाडी झूट बोलती, साब. भरली की खरं बोलती.” मी वाळूची पोती आणायला निघालो, तर म्हणाले, “पोती नक्को. पोतं हलत नाय, माणूस हलतो.”

त्यामुळं पुढच्या रविवारी सासूबाईंना पुन्हा नावेत बसावं लागलं. नाव बाभळीला दोन दोरांनी बांधलेली, गुडघाभर पाण्यात, तरी त्यांनी एका हातानं मुलीला आणि दुसऱ्या हातानं बाभळीची फांदी धरली होती. चाचा पायजमा वर खोचून पाण्यात उभे. “आक्का, जरा तिकडं सरका. आता हिकडं. आता रागानं उठल्यासारखं करा.” शेवटचं त्यांना न शिकवताच जमलं. पाणी सर्वांत वर चढलं तिथं चाचांनी गेरूची खूण केली. ती माझ्या नकाशातल्या रेघेपेक्षा चांगली चार बोटं वर होती. माझ्या नकाशावर हौद बांधला असता तर पहिल्याच रविवारी आम्ही गोदामाईला अर्पण झालो असतो.

चार रविवार काम चाललं. सागवानी हौद, पितळी स्क्रू, सांध्यात राळ आणि सूत. आवाज होऊ नये म्हणून वर झाकण. ते झाकण मी अजून विसरलो नाही. बसवलं की सुस्कारा सोडल्यासारखा आवाज यायचा, आणि विडीचा कागद कुठूनही आत जायचा नाही. चाचा स्वतःच त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचे.

नवी बॉडी बांधली की पहिल्या भरल्या खेपेला चाचा स्वतः आत बसून कन्नडचा घाट उतरायचे. ज्यानं बांधलं त्यानं आधी बसायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. पण ह्यांना पोहता येत नव्हतं, आणि वयही साठीपलीकडचं. मी नको नको म्हणत होतो. “भोक मी पाडलं. बसणार कोण, तुमी?” एवढं बोलून ते हौदाशेजारी मांडी घालून बसले. बायको आणि सासूबाई काठावर उभ्या होत्या. बायकोची अट होती, सांजेच्या आत मोटरच्या बळावर परत आलो नाही, तर नाव गेली.

मोटर झकास सुरू झाली. मैलभर गेलो आणि ती खोकली, गुरगुरली, बंद पडली. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. वारा नाही. पेट्रोल बघितलं, प्लग पुसला. काठावरच्या त्या दोघी मुंगीएवढ्या दिसत होत्या. मला रडूच यायचं बाकी होतं. नावेसाठी, खरं सांगतो. चाचांनी झाकण उचललं तेव्हा आतून धुराचा लोट आला.

“हिचा दम घुटतोय,” ते म्हणाले. “मी इतकं घट्ट बसवलं, की हिला आपलाच धूर प्यावा लागतोय.”

मी म्हटलं, मग झाकण काढून ठेवू. ते म्हणाले, “आज काढाल, उद्या कुणीतरी लावंल.” पिशवीतून पटाशी काढली, झाकण मांडीवर घेतलं आणि आयुष्यातल्या सर्वांत सुंदर सांध्यावर घाव घातला. हलत्या नावेत, डोळ्यांत धूर. मला बघवेना. कोपऱ्याचा मुठीएवढा तुकडा उडाला, वेडावाकडा. झाकण बसवलं, दोरी ओढली. मोटर चालली ती काठाला लागेपर्यंत. ऊन अजून बाभळीवर होतं. बायको एवढंच म्हणाली, “पुढच्या रविवारी डबा घेऊन जाऊ.” सासूबाईंनी मात्र काठावरूनच हात जोडले.

मी नंतर किती वेळा म्हटलं, चाचा, झाकण नवं करा, नीट गोल भोक पाडून. ते नाहीच म्हणायचे. “राहू द्या. कुणी पुसलं तर सांगा, हितं मिस्त्री चुकला.”

काही वर्षांनी चाचा गेले. त्यांच्या मयतीहून आल्यावर मी दोन रविवार पैठणला गेलो नाही. तिसऱ्या रविवारी नावेपाशी एक अनोळखी माणूस बसलेला, पन्नाशीचा, बोटांवर जुने व्रण. फुलंब्रीकडचा मिस्त्री, ट्रॉल्या बांधणारा. म्हणाला, “चाचांकडं शिकलो मी. ते लई मागं लागायचे, पैठणला जा, माझं काम बघून ये. आज उद्या करत राहिलो. ते गेल्यावर आलो.”

मी त्याला हौद दाखवू लागलो. सांधे, स्क्रू, राळ. त्यानं तिकडं बघितलंही नाही. झाकण उचलून मांडीवर घेतलं आणि त्या तुटक्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिला. “एवढंच बघाया सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “आमा समद्यांना सांगायचे. आमच्यातले सहा-सात जण येऊन गेले असतील की.”

मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तीस वर्षं नकाशे काढले. चुकलेली रेघ ब्लेडनं इतकी अलगद खरवडायची की वरच्या साहेबाला कागद उजेडात धरूनही कळू नये, हीच आमची हुशारी. त्या पन्नाशीच्या माणसाच्या मांडीवरचं झाकण बघताना मला माझी एकही चूक आठवेना, आणि मला लाज वाटली.