फुलफॉर्मबाई

कामगार न्यायालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. तिची एकुलती एक खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. दिवसभर तिथे ट्यूबलाइट जळते आणि तिच्याखाली फुलफॉर्मबाई बसतात. सव्वीस वर्षं झाली. आधी त्या नुसत्या टायपिस्ट होत्या. पुढे खटल्यांत कागदांऐवजी मोबाइल यायला लागले आणि त्यांना हे नाव पडलं.

न्यायालयाचा एक जुना नियम आहे: अभिलेखात संक्षिप्त रूप येता कामा नये. हा नियम केला तेव्हा कारकून घाईघाईत आद्याक्षरं लिहून मोकळे व्हायचे, त्यांना चाप बसावा म्हणून. करणारे केव्हाच गेले, नियम राहिला. मोबाइलमधला मजकूर आला की बाई त्याची स्वच्छ प्रत काढायच्या. प्रत्येक अक्षराचा पूर्ण शब्द, प्रत्येक शब्दाचं पूर्ण वाक्य. मूळ मजकूर पाकिटात बंद करून लाखेचा ठसा मारायचा. पुढे दालनात वाचली जायची ती स्वच्छ प्रत. कुणी मागितलं तरच पाकीट उघडायचं, आणि मागायचं असतं हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

अर्थ कळावेत म्हणून बाईंनी एक वही केली होती. ती रोज रात्री जेवताना उघडायची, कारण अर्थ सांगणारी घरात एकच होती, त्यांची सतरा वर्षांची लेक. नवरा गेल्यापासून त्या दोन खोल्यांत बोलणं कमीच झालं होतं. लेक डाव्या हातात मोबाइल धरून उजव्या हाताने जेवायची. वही उघडली की मात्र मान वर करायची.

"टीबीएच म्हणजे काय गं?"

"खरं सांगायचं तर."

"म्हणजे एरवी काय खोटं सांगता?"

"आई, तू वकीलच व्हायला हवं होतंस."

"बरं, लोल?"

"हसणं."

"जोरात?"

"हसत कुठे कोण? तोंड सरळच असतं. नुसतं लिहायचं."

बाईंनी शाईने लिहिलं, 'मोठ्याने हसणे', आणि पुढे पेन्सिलने बारीक, 'हसत नाहीत'. वहीत अशा पेन्सिलीच्या ओळी बऱ्याच होत्या. ऑफिसात त्या कधी टाइप झाल्या नाहीत. तिथे शाईचंच चालायचं.

बाईंना कामाचा अभिमान होता. मुलं हे काय गिचमिड लिहितात, असं त्यांना वाटायचं. निदान न्यायालयात तरी त्यांना धुतलेले कपडे घालून उभं करावं. खेळताना पडलेल्या मुलाचं तोंड आई पदराने पुसते, तसं त्या वाक्यांचं तोंड पुसत.

मागच्या वर्षी लाँड्रीचा खटला आला. हॉस्पिटलच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. तिथल्या वाळवणाच्या खोलीत संध्याकाळी एकोणीस वर्षांची मुलगी मेलेली सापडली. डाग काढायच्या औषधाचा वास कोंडला होता. कंपनीने अहवालात लिहिलं: कामगार पंखा बंद करून, दार लावून, कामाच्या वेळी झोपली. मुलीच्या आईला ती ओळ नको होती. तिने अर्जात दुसरं काही मागितलंच नव्हतं. मोफत मिळालेल्या वकिलाने चार गोष्टी सुचवल्या, तेव्हा ती म्हणाली, "बाकीचं तुम्ही बघा साहेब. माझी पोर झोपली नव्हती एवढं लिहून द्या."

आणि पुरावा होता. पंखा बंद पडून अकरा दिवस झाले होते, आणि मुलीने हे सगळं आपल्या मैत्रिणीला मोबाइलवर लिहिलं होतं. मैत्रीण सकाळच्या पाळीत होती. पहिल्याच आठवड्यात तिने तो मजकूर पोलिसांत दिला. दुसऱ्या महिन्यात कंपनीने तिला कायम केलं आणि लांबच्या शाखेत पाठवलं. साक्षीच्या दोन तारखांना ती आलीच नाही. मुलीचा स्वतःचा मोबाइल चादरींबरोबर गरम ड्रममध्ये गेला होता, त्याचं काही उरलं नव्हतं. आता हे शब्द मुलीचेच, असं सांगणारं माणूस एकच राहिलं होतं. तिची आई.

बाईंनी या प्रतीवर दोन दिवस घालवले. मूळ मजकूर असा होता:

"टीबीएच डोकं आऊट यार. पंखा अजून डेड. सुपरला बोलले तर सीन करतो. आयडीके. बीआरबी."

त्यांनी केलं ते असं: "खरे सांगायचे तर माझे डोके अतिशय दुखत आहे. पंखा अद्याप नादुरुस्त आहे. पर्यवेक्षकांना कळवले असता ते आरडाओरडा करतात. काय करावे हे मला समजत नाही. मी लगेच परत येते."

वेळ, दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटे. हा शेवटचा निरोप. बाईंनी तो तीनदा तपासला. 'यार' कुठे बसेना, म्हणून सोडून दिला. मेलेल्या मुलीसाठी आपल्याला करता येण्यासारखं हेच आहे, असं त्यांना वाटलं.

तारखेला टाइप करायला त्याच बसल्या होत्या. मुलीची आई धुवट साडी नेसून आली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पट्टेवाल्याने प्रत वाचून दाखवली. खणखणीत, सरकारी आवाजात.

कंपनीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. "मावशी, शपथ घेतलीय तुम्ही. तुमची मुलगी अशी बोलायची?"

आईने पट्टेवाल्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

"नीट ऐकलंत ना? पुन्हा वाचू?"

"ऐकलं की. ही कुणीतरी शिकलेली बाई आहे. 'अद्याप' म्हणे! माझ्या पोरीच्या तोंडात असा एक शब्द नव्हता. कुणाचंतरी तिच्या नावावर खपवू नका, साहेब."

तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला. त्या दिवशी त्याच्याकडे अकरा खटले होते. पाकीट मागायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

बाईंची बोटं थांबली. ती शिकलेली बाई आईपासून चार हातांवर बसली होती. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, 'साहेब, ही भाषा माझी आहे.' पण सव्वीस वर्षांत त्या दालनात त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. टायपिस्टने बोलायचं नसतं.

"बाई, थांबलात का?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

आणि त्यांनी टाइप केलं. साक्ष मात्र जशीच्या तशी घ्यायची असते. 'हे माझ्या मुलीचे शब्द नाहीत.' एकही अक्षर गाळलं नाही.

त्या रात्री वही उघडली नाही. लेकीने दोनदा मान वर केली. "आज काही नाही?"

"नाही."

"संपले की काय सगळे?"

बाई भांडी घासत राहिल्या. लेक पुन्हा मोबाइलमध्ये गेली. घरातली बोलण्याची ती दहा मिनिटंही गेली.

निकाल लागला. मजकूर सिद्ध झाला नाही, म्हणून अहवालातली ओळ कायम. निकालाची प्रत घ्यायला आई तिसऱ्या मजल्यावर आली. सहीच्या जागी अंगठा उमटवला, कागदाची घडी केली आणि तिथेच उभी राहिली.

"बाई, तुम्ही वाचलं असेल ना? तिनं खरंच काय लिहिलं होतं?"

पाकीट बंद होतं, आणि बंद पाकिटातलं सांगणं गुन्हा होता. बाईंना ते पाठ होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खाली बघत, आपल्याला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "टीबीएच डोकं आऊट यार. पंखा अजून डेड. सुपरला बोलले तर सीन करतो..."

आईने टेबलाची कड धरली.

"...आयडीके. बीआरबी."

"हीच," आई म्हणाली. "हीच ती. बीआरबी! रोज दारातून ओरडायची, बीआरबी गं आई. मला वाटायचं शिवी देते. मी म्हणायची, तूच ती." ती हसली, आणि ते हसू तोंडावरून निघेचना. "मग तिथं हे का नाही वाचलं हो?"

बाईंनी सांगितलं. सगळं. आईने ऐकून घेतलं. रागावली नाही, हेच बाईंना जड गेलं. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं असणार."

त्याच दुपारी बाईंनी स्वतःच्या नावाने अर्ज टाइप केला. प्रतीतली भाषा माझी आहे, मुलीची नाही, मूळ शब्द आईने माझ्यासमोर ओळखले, फेरतपासणी व्हावी. खाली मूळ मजकूर जसाच्या तसा लिहिला. यात नोकरी जाऊ शकते हे त्यांना कळत होतं. रात्री त्यांनी तो लेकीला वाचून दाखवला. लेकीने मोबाइल पालथा ठेवला आणि ताट संपेपर्यंत उचलला नाही.

सतरा दिवसांनी अर्ज परत आला. नोकरीबद्दल काही नव्हतं. फेरतपासणीबद्दलही नव्हतं. समासात लाल शाईने शेरा होता:

'अर्जात संक्षिप्त रूपे आढळतात. पूर्ण रूपात लिहून पुन्हा सादर करावा.'

बाईंनी नवा कागद घातला. तोच अर्ज, त्याच शब्दांत, पुन्हा टाइप केला. 'यार'सुद्धा. आणि पहिल्या मजल्यावरच्या कचेरीत नेऊन दिला.

आजवर तो चार वेळा परत आला आहे.